कॉलरवालीसाठी मशिनं थांबली

मावशीच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. शिलाई कारखान्याच्या वरच्या मजल्यावर शर्टांची लाइन चालायची, तिची ती मुकादम. मशिनांचा आवाज असा, की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे. पण मावशीचा आवाज त्या सगळ्यावरून जायचा. "ए कॉलरवाली, ही कॉलर आहे की कुत्र्याचा कान?" असं ती या टोकाहून ओरडली की त्या टोकाची इस्त्रीवालीसुद्धा हसायची. मॅनेजरही तिला जरा दबकूनच असे. नवरा फार वर्षांपूर्वी तिला सोडून गेला होता. "तो कुठला जातोय! मीच त्याला रिजेक्ट मालात टाकला," असं ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

लाइनवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. जी जे शिवते तेच तिचं नाव. कॉलर लावणारी ती कॉलरवाली, काजं करणारी ती काजवाली. मुलगी काम सोडून गेली की तिच्या खुर्चीवर दुसरी बसे आणि दुपारपर्यंत तीच कॉलरवाली होऊन जाई. आधीची कोण होती, कशी दिसायची, हे थोड्या दिवसांत कुणाला आठवतही नसे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मावशीला तर मुळीच नाही. एवढ्या पोरींची नावं लक्षात ठेवायला तिला वेळ होता कुठे?

या पोरींत बाहीवाली तेवढी तिची सख्खी भाची. बहीण गेली तेव्हा ही दुधाचे दात पडण्याच्या वयाची होती. तेव्हापासून मावशीकडेच वाढली. दोघींची एक खोली, एक पलंग, आणि खिडकीत एक कुंडी, जिला पाणी घालायचं राहिलं की दोघी एकमेकींवर ढकलायच्या. शाळा संपली तशी मावशीने तिला लाइनवर आणलं. पोर डोळ्यांसमोर राहील, हा हिशेब. भाची अबोल होती, म्हणून मावशी दोघींच्या वाटचं बोलायची. या पोरीत तिचा जीव होता. तसं तिने पोरीला कधी सांगितलं नव्हतं. असलं काय बोलून दाखवायचं असतं, असं तिला वाटायचं.

एका सोमवारी कॉलरवाली कामावर आली नाही. दुपारी कळलं की तिने जीव दिला.

कसा, ते इथे सांगणार नाही. त्या दिवशी जो तो तेच विचारत होता, आणि ज्याला कळलं तो तिखटमीठ लावून पुढच्याला सांगत होता. का दिला, ते मात्र कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणालं घरी भांडण झालं, कुणी म्हणालं जमलेलं लग्न मोडलं. एका कारणाने माणूस मरतं असं लोकांना का वाटतं कोण जाणे. बरेच दिवस तिला झोप नव्हती. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. डबा तसाच परत न्यायची, आणि एरवी कधी चुकत नसे, ती आता कॉलर उलटी लावायची. हे सगळ्या लाइनने पाहिलं होतं. कुत्र्याचा कान हे मावशीने तिलाच ऐकवलं होतं, मरण्याच्या आदल्या आठवड्यात.

तेच मावशीच्या जिव्हारी लागलं होतं. ती तणतणत मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. "लाइन थांबवा."

"अहो मावशी, उद्या माल जायचाय."

"वीज गेली की थांबते ना लाइन? मग माणूस गेलं तर का नाही थांबत?"

 दुसऱ्या दिवशी त्याने मुख्य खटका खाली ओढला आणि हॉल एकदम गप्प झाला. पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांची पावलं ऐकू यायला लागली. इतक्या वर्षांत मावशीने ती कधी ऐकली नव्हती. मालक स्वतः वर आला. भोंग्यातून त्याने कॉलरवालीचं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अर्ध्या लाइनला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिच्या आईला मॅनेजरच्या फिरत्या खुर्चीवर बसवलं, मालकाने आपल्या हाताने पाण्याचा पेला दिला. मशीनवर पांढरंशुभ्र कापड घातलं, त्यावर फुलं. मग मावशीला बोलायला सांगितलं. मावशीला हुंदका आवरेना.

"सोन्यासारखी पोर होती हो. हाताला काय सफाई! एक कॉलर कधी वाकडी गेली नाही. आता सुटली बिचारी सगळ्यातून. शांत झोपली."

सगळी लाइन रडली. मावशीच्या छातीवरचा दगड थोडा हलका झाला. आपण कुत्र्याचा कान म्हटल्याची भरपाई झाली, असं तिला वाटलं.

संध्याकाळी भाजी निवडताना भाची म्हणाली, "मावशी, तू तिला आधी कधी चांगलं म्हणाली होतीस?"

"मेलेल्या माणसाला वाईट म्हणतं का कुणी?"

"तसं नाही. तिला ऐकायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच." मग जरा थांबून, "पोरी म्हणत होत्या, किती छान झालं सगळं."

मावशीने ते कानाआड केलं. पोरी काय, काहीही म्हणतात.

पुढच्याच महिन्यात बटणवालीने जीव दिला. ती मागच्या रांगेत बसायची, कॉलरवालीशी तिची धड ओळखही नव्हती. पण तिच्या मशीनवरून ते पांढरं कापड समोर दिसायचं, आणि रोज सकाळी त्यावरची शिळी फुलं काढून ताजी ठेवायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं. आता तिच्यासाठीही मशिनं थांबवावी लागली. पहिलीला केलं आणि हिला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? पुन्हा खटका, पुन्हा भोंगा, फिरत्या खुर्चीवर दुसरी आई. मालकाला आता काय बोलायचं ते पाठ झालं होतं.

या वेळी मावशीने रडता रडता वर पाहिलं आणि पदर डोळ्यांवरून खाली घेतला. पोरी रडत होत्या, पण काहींच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी होतं. लग्नात दुसरीच्या अंगावरची भारी साडी बघताना हेव्याने जसं होतं, तसं. दुपारी जेवताना एक जण हसत म्हणाली, "मावशी, मी नाही आले तर कापड धुतलेलं घाला हं, ते मळलंय." सगळ्या हसल्या. भाचीही हसली. मावशीने डबा झाकून ठेवला.

तिला उन्हाळ्यात येणारी चक्कर आठवली. हॉल तापला की लाइनवर एखादी पोर चक्कर येऊन पडायची. ती पडली की थोड्या वेळाने दुसरी, मग शेजारची तिसरी. मॅनेजर म्हणायचा, नाटकं करतात. मावशीला माहीत होतं की ती नाटकं नव्हती. पोरींचे हात बर्फासारखे गार पडलेले असायचे. उकाडा सगळ्यांनाच होत असतो, सगळ्याच दात-ओठ आवळून बसलेल्या असतात. पहिली पडते आणि बाकीच्यांच्या अंगाला कळतं, की पडता येतं.

कारखान्यात आठवड्यातून एकदा एक डॉक्टरीण यायची. मावशीने तिला गाठलं. "बाई, हे साथीसारखं पसरतं का हो?"

डॉक्टरीण म्हणाली, "पसरतं. पण ज्या आधीच आतून खचलेल्या असतात त्यांच्यात. त्यांना वाटत असतं, असं फक्त माझंच होतंय. मग आपल्याच वयाची, आपल्याच रांगेतली एखादी ते करून बसते, आणि जे लांबचं होतं ते हाताशी आल्यासारखं वाटायला लागतं. वर आपण तिला फुलं वाहतो. सुटली म्हणतो."

मावशीने जीभ चावली. "मग करायचं काय?"

"दोन गोष्टी. असा सोहळा करू नका. दुःख करा, तिच्याबद्दल बोला, पण सोहळा नको. आणि ज्या जिवंत आहेत त्यांच्यापाशी बसा. एकेकीला बाजूला घेऊन सरळ विचारा, जीव द्यावा असं मनात येतं का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. जी हो म्हणेल तिला एकटी सोडू नका. माझ्याकडे घेऊन या."

मावशीने दोन्ही गोष्टी मॅनेजरच्या कानावर घातल्या. पहिली त्याला फारच आवडली. त्याच दिवशी पांढरं कापड गेलं आणि त्याखालच्या मशीनवर नवी पोर बसली. दुसऱ्या गोष्टीला त्याने नाक मुरडलं. "एकेकीला बाजूला घेत बसलो तर शर्ट कोण शिवणार? आणि नको ते विचारून आपणच कुणाच्या डोक्यात भरवायचं का?"

खरं सांगायचं तर मावशीलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरीण शिकलेली खरी. पण बघून चक्कर येते, तर विचारून काय काय होईल? असं ती स्वतःला समजावत राहिली. आतलं कारण मात्र वेगळं होतं. विचारायचं झालं तर पहिल्यांदा भाचीला विचारावं लागलं असतं. आणि ती हो म्हणाली तर? एरवी कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई त्या एका शब्दाला भ्यायली.

मग काजवाली गेली.

काजवाली भाचीच्या शेजारच्या मशीनवर बसायची. दोघींचा डबा एक, पाण्याची बाटली एक, जाता-येता हातात हात. बातमी आली तेव्हा भाची जागेवर बसून होती. मावशीने ठरवलं होतं तसंच केलं. लाइन थांबली नाही. भोंगा वाजला नाही. कुणी काही बोलायच्या आत तिने इस्त्रीकडची एक पोर ओढून आणली आणि काजवालीच्या जागी बसवली. ती पोर मागे वळून वळून बघत होती, पण मशीन चालायला लागलं.

भाची उठून उभी राहिली. जन्मात कधी आवाज न चढवणारी पोर साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "मावशी, तिचं नाव तरी घे!"

मावशीला तिला पोटाशी घ्यावंसं वाटत होतं. हे तुझ्यासाठीच चाललंय, असं सांगावंसं वाटत होतं. "खाली बस. बाही शीव," ती म्हणाली.

त्या दिवसापासून लाइन तिला दगड म्हणायला लागली. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. तिला त्याचं काही नव्हतं. तिचा जीव भाचीत टांगलेला होता. ती पोरीला हाताला धरून कामावर न्यायची, हाताला धरून आणायची. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी तिने स्क्रू काढून टाकून दिली. पोरीला आवडतं ते रांधायची, तिच्या केसांना तेल लावायची, आणि पलंगावर पडल्यावर श्वास ऐकत जागी राहायची. मायेने आणि धाकाने जे जे करता येतं ते सगळं तिने केलं. विचारलं मात्र नाही.

काजवालीचा विषय घरात निघणार नाही याची तिने चोख व्यवस्था ठेवली. भाचीने तोंड उघडलं की ही रेडिओ लावायची, नाहीतर कुणाच्या तरी नकला करायची. तिला वाटत होतं, आपण एक दार घट्ट लावून धरलंय. पोर त्याच दाराआड एकटी आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

एकदा जेवताना भाचीने हात आखडला. "मावशी, तुला मला काही विचारायचंय का?"

मावशीने तिच्या पानात भाजी वाढली. "काय विचारायचंय? काही नाही. जेव, गार होतंय."

"काजवालीने मला..."

"तिचा विषय या घरात काढायचा नाही."

"बरं," भाची म्हणाली, आणि जेवायला लागली. पानातलं सगळं संपवलं तिने. मावशीला बरं वाटलं. पोर सावरतेय, असंच वाटलं तिला.

काजवालीने काय सांगितलं होतं, किंवा काय सांगून कुणाला न सांगायची शपथ घातली होती, ते मावशीला कधीच कळलं नाही. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती बाजारातून घरी आली तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टर आले, शेजारी धावले. काही उपयोग झाला नाही.

पुढे चार माणसं करतात ते झालं. भेटायला आलेली एक शेजारीण पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "सुटली हो पोर." मावशी तिच्या अंगावर धावून गेली. दोघांनी धरलं तिला. "सुटली नाही! मेली! मेली माझी पोर! हिवाळ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय तिने, त्याची एक बाही राहिलीय, आणि म्हणे सुटली!" शेजारीण बिचारी चांगल्या मनाने बोलली होती. मावशीने ज्या मनाने ते भोंग्यावरून म्हटलं होतं, त्याच मनाने.

ती कामावर परत आली तेव्हा मालक वाट बघत होता. "मावशी, तुमची भाची म्हणजे आमच्या घरचीच. आज लाइन थांबवू. मी बोलतो." फिरती खुर्ची पुसून ठेवली होती, तिच्यासाठी.

"थांबवू नका," मावशी म्हणाली. "ती खुर्ची आत न्या."

लाइनवर कुजबुज झाली. स्वतःच्या पोरीसाठीही नाही! बाई आहे की कोण? मावशी सगळ्यांमधून चालत भाचीच्या मशीनपाशी आली. तिथे नवी बाहीवाली बसली होती, महिनाभरापूर्वी कारखान्यात लागलेली, फिक्या चेहऱ्याची मुलगी. मावशीने शेजारी स्टूल ओढलं. मुलगी घाबरली.

"बाही उलटी लागली का, मावशी?"

"नाही गं."

जे विचारायचं होतं ते ओरडून विचारण्यासारखं नव्हतं. मावशीने हात लांब करून मुलीच्या मशीनचा खटका बंद केला आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. हॉलवर ज्या आवाजाने राज्य केलं तो आवाज तिने कुजबुजीवर आणला. "तुझं नाव काय?" तिने आधी विचारलं. मुलीने सांगितलं. मावशीने ते पुन्हा म्हणून पाहिलं. मग ती म्हणाली, "मला खरं सांग. मी रागावणार नाही. जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?"

 मुलगी शपथेवर नाही म्हणेल, चिडेल, रडेल, या सगळ्याची तयारी मावशीने केली होती.

"येतं," मुलगी म्हणाली. अगदी साधं, जसं कुणी भूक लागलीय म्हणतं. "मी इथे लागायच्या आधीपासून येतं."

एवढंच होतं ते. याच शब्दाला भिऊन मावशीने रेडिओ लावला होता. आभाळ कोसळलं नाही. मुलगी समोर बसलेली होती, श्वास घेत होती, आणि तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले होते. आपली पोरही अशीच समोर बसली होती, पानावर, हात आखडून. तिने तर प्रश्नसुद्धा तोंडात घालून दिला होता. मावशीच्या तोंडून असा आवाज निघाला की मुलीनेच तिला सावरलं.

"मशीन का बंद?" मॅनेजर लांबून ओरडला.

 "चल," ती मुलीला म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडे जाऊ." आज तिचा यायचा वार नव्हता, आणि तिचा दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मावशीने मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तिला उठवलं. तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. इस्त्रीकडून ओढून आणलेली ती पोर, काजवालीच्या जागेवरची.

"मावशी," ती म्हणाली, "मला नाही विचारणार?"

तिच्या पलीकडच्या दोघींनीही माना वर केल्या होत्या. मावशीचे दोन्ही हात एकीतच गुंतलेले होते.